दिल्लीचा आरोग्यमंत्री आणि धडगावचा दवाखाना

नंदुरबारच्या धडगावला, मोलगीला किंवा जळगावच्या चोपड्याच्या सातपुडा पट्ट्यात दवाखान्यात डॉक्टर नसला की निवेदन लिहिलं जातं. वर ‘प्रति, मा. आरोग्यमंत्री’, खाली पाच-पंचवीस सह्या. कुठले आरोग्यमंत्री, मुंबईचे की दिल्लीचे, हे बऱ्याच निवेदनांत लिहिलेलंच नसतं. सगळं सरकार एकच, मग फरक काय पडतो, असं लिहिणाऱ्याला वाटतं. फरक पडतो. चुकीच्या दारात गेलेलं निवेदन मुंबई-दिल्ली फिरून शेवटी जिल्हा परिषदेच्या त्याच टेबलावर येतं, जिथे ते पहिल्याच दिवशी हाताने देता आलं असतं.

या गोंधळाला आपली भाषाही थोडी जबाबदार आहे. ‘राज्याचे आरोग्यमंत्री’ आणि ‘आरोग्य राज्यमंत्री’ हे कानाला एकच वाटतात. राज्यमंत्री हा केवळ हुद्दा आहे, त्याचा महाराष्ट्र राज्याशी संबंध नाही. केंद्रात मंत्र्यांच्या तीन पायऱ्या असतात. सर्वांत वर कॅबिनेट मंत्री. त्याखाली स्वतंत्र कार्यभार असलेला राज्यमंत्री, ज्याच्या डोक्यावर त्या खात्यापुरता कॅबिनेट मंत्री नसतो. आणि तिसरा साधा राज्यमंत्री, ज्याला कॅबिनेट मंत्री वाटून देईल तेवढंच काम. आपल्या शेजारची दोन उदाहरणं घ्या. दिंडोरीच्या तेव्हाच्या खासदार डॉ. भारती पवार जुलै २०२१ ते जून २०२४ या काळात केंद्रात आरोग्य राज्यमंत्री होत्या, म्हणजे तिसऱ्या पायरीवर. बुलढाण्याचे खासदार प्रतापराव जाधव यांच्याकडे जून २०२४ मध्ये आयुष मंत्रालय स्वतंत्र कार्यभाराने आलं आणि आरोग्य मंत्रालयात मात्र ते साधे राज्यमंत्री झाले. माणूस एक, पण आयुर्वेदाच्या फाइलवर त्यांची सही शेवटची आणि ॲलोपॅथीच्या फाइलवर वर अजून एक सही. त्या वेळी ती वरची सही जगतप्रकाश नड्डा यांची होती.

घटनेने काय कोणाला दिलं

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत कामाच्या तीन याद्या आहेत. राज्य सूचीतली सहावी नोंद सांगते: सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता, रुग्णालये आणि दवाखाने. म्हणजे डॉक्टर नेमणं, बदली करणं, इमारत बांधणं, रात्रपाळी लावणं, हे सगळं राज्याचं. संसदेत कुठल्याही खासदाराने गावच्या दवाखान्याबद्दल प्रश्न विचारला की उत्तराची सुरुवात बहुधा एकाच वाक्याने होते: सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा राज्याचा विषय आहे. लोकांना ही पळवाट वाटते. थोडी आहेही, पण वाक्य खोटं नाही.

केंद्राच्या स्वतःच्या यादीत आरोग्याचं काम थोडं आहे: बंदरांवरचं विलगीकरण, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांचं विलगीकरण, उच्च शिक्षणाचा दर्जा. खरी गंमत तिसऱ्या, समवर्ती सूचीत आहे. तिथे दोघांनाही कायदा करता येतो आणि दोन कायद्यांत विरोध आला तर सहसा केंद्राचा टिकतो. अन्नातली भेसळ, औषधं आणि विषं, वैद्यकीय व्यवसाय आणि साथ एका राज्यातून दुसऱ्यात पसरू न देणं, हे सगळं तिथे आहे. कुटुंबनियोजन या यादीत १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आलं.

साथ राज्याबाहेर पसरू न देणं म्हणजे प्रत्यक्षात काय, हे खानदेशाने नवापुरात पाहिलं आहे. नवापूरचं रेल्वे स्टेशन निम्मं महाराष्ट्रात, निम्मं गुजरातेत. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू याच नवापूरच्या पोल्ट्र्यांत सापडला आणि पलीकडच्या उच्छल तालुक्यातही निघाला. तेव्हा कामाची वाटणी बघण्यासारखी झाली. कोंबड्यांचा आजार हा पशुसंवर्धनाचा विषय आणि ते खातं तेव्हा केंद्रात कृषिमंत्री शरद पवार यांच्याकडे. पक्ष्यांचे नमुने गेले भोपाळच्या प्रयोगशाळेत. माणसाला लागण झाली का हे पाहणं आरोग्यमंत्री अंबुमणी रामदास यांच्या खात्याचं काम, म्हणून माणसांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत आणि दिल्लीला गेले. कोंबड्या मारायच्या, पुरायच्या, मालकांना भरपाई वाटायची हे राज्याच्या यंत्रणेने केलं. त्या कामातल्या माणसांना फ्लूविरोधी ऑसेल्टामिविर गोळ्या दिल्या. माणसाला लागण झाल्याचं एकही प्रकरण निघालं नाही. एकाच गावात दोन राज्यं आणि दोन केंद्रीय मंत्रालयं कामाला लागली, तरी आरोग्यमंत्र्याच्या वाट्याला आला तो तपासणी, औषध आणि मार्गदर्शनाचा भाग. हुकूम देऊन गाव बंद करण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता.

कोविडमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर दिसलं. १८९७ चा साथरोग कायदा मुंबई इलाख्यातल्या प्लेगच्या वेळी झाला आणि त्यात मुख्य अधिकार राज्याला आहेत. त्यामुळे मार्च २०२० ची देशव्यापी टाळेबंदी त्या कायद्याने लावता येईना. ती लागली २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आणि आदेशांवर सह्या होत्या गृहसचिवांच्या. देशातल्या सर्वांत मोठ्या आजारपणात सर्वांत मोठा आदेश आरोग्य मंत्रालयातून निघालाच नाही, ही गोष्ट या पदाबद्दल पुष्कळ सांगून जाते.

हे पद आलं कुठून

इंग्रजांच्या काळात आरोग्य आधी लष्कराची काळजी होती. १९१९ च्या सुधारणांनी सार्वजनिक आरोग्य प्रांतांकडे सोपवलं. आज आरोग्य हा राज्याचा विषय आहे त्याचं मूळ तिथे आहे, घटना समितीने ते शून्यातून काढलेलं नाही. दिल्लीत शिक्षण, आरोग्य आणि जमीन मिळून एकच खातं असे, ते १९४५ मध्ये वेगळं झालं. १९४६ च्या हंगामी सरकारात आरोग्य खातं मुस्लिम लीगचे गझनफर अली खान यांच्याकडे होतं. पुढे ते पाकिस्तानात मंत्री झाले.

त्याच वर्षी भोर समितीचा अहवाल आला. १९४३ मध्ये नेमलेल्या या समितीने चाळीस हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुचवलं. आज आपण ज्याला सहज ‘पीएचसी’ म्हणतो त्याची कल्पना इथली.

स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर. कपूरथळ्याच्या राजघराण्यातल्या, गांधीजींच्या सचिव राहिलेल्या, आणि केंद्रीय मंत्रिमंडळातल्या पहिल्या महिला. १९४७ ते १९५७ अशी दहा वर्षं हे पद त्यांच्याकडे होतं. राज्यांच्या दवाखान्यांवर हुकूम चालत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी केंद्राच्या हातातली साधनं उभी केली. दिल्लीचं एम्स हे त्यातलं मोठं. कायदा १९५६ चा, सुरुवातीच्या पैशात न्यूझीलंडची मदत, आणि सिमल्याचं स्वतःचं घरही त्यांनी संस्थेला देऊन टाकलं. दुसरं साधन म्हणजे राष्ट्रीय कार्यक्रम: रोग दिल्लीने निवडायचा, औषध आणि पद्धत दिल्लीने ठरवायची, माणसं राज्याची.

या साधनाची ताकद आणि खोट दोन्ही हिवतापात दिसतात. १९५३ मध्ये कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. घरोघर डीडीटी फवारणी झाली आणि १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत रुग्ण एक लाखाच्या आसपास आले. मग ढिलाई आली, डासांनी डीडीटीला दाद देणं सोडलं आणि १९७६ मध्ये आकडा पुन्हा चौसष्ट लाखांवर गेला. एकाच रोगासाठी उभी केलेली यंत्रणा रोग कमी झाला की आवरली जाते आणि गावात कायमचा माणूस उरत नाही, हा त्यातला धडा होता. सातपुड्यातल्या वाड्यांना तो कुणी सांगायला नको.

१९७० च्या दशकात या पदाचं नाव खराब झालं. आणीबाणीत डॉ. करण सिंग आरोग्य व कुटुंबनियोजन मंत्री होते. १९७६ चं लोकसंख्या धोरण त्यांच्या मंत्रालयाचं, पण नसबंदीचे कोटे लावून माणसं उचलण्याचं काम राज्यांनी आणि खालच्या नोकरशाहीने केलं. त्या एका वर्षात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. १९७७ मध्ये सरकार बदललं आणि मंत्रालयाच्या नावातलं ‘नियोजन’ जाऊन ‘कल्याण’ आलं. शब्द बदलला तरी खेड्यापाड्यांत सरकारी आरोग्यसेवकाबद्दलचा संशय बरीच वर्षं गेला नाही.

नवे आरोग्यमंत्री राज नारायण यांच्या काळात २ ऑक्टोबर १९७७ ला गावातल्याच माणसाला आरोग्यसेवक करण्याची योजना निघाली. ती पुढे विरून गेली, पण कल्पना मेली नाही. १२ एप्रिल २००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं तेव्हा तीच ‘आशा’ होऊन परत आली. साधारण हजार लोकवस्तीला एक आशा, आदिवासी भागात पाड्यांची अंतरं पाहून त्याहून कमी वस्तीलाही. २००५ नंतर दिल्लीचा आरोग्यमंत्री पहिल्यांदा खरोखर धडगावपर्यंत पोचला. तो पोचला पैशाच्या वाटेने.

पैसा कसा येतो आणि कुठे अडतो

त्या ग्रामीण अभियानाचं पुढचं रूप म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियान. त्याचा खर्च महाराष्ट्रासारख्या राज्यात केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के असा वाटलेला आहे. ईशान्येच्या आणि हिमालयातल्या राज्यांसाठी तो ९० आणि १०. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या अभियानाला सुमारे ३७ हजार कोटी रुपये दाखवले होते, मंत्रालयाच्या जवळपास एक लाख कोटींच्या एकूण तरतुदीतून. उरलेल्यात दिल्लीची मोठी रुग्णालयं, एम्स, विमा योजना, संशोधन असं सगळं येतं.

पैसा मागण्याची रीत खालून वर जाते. तालुका आपली गरज मांडतो, जिल्हा आराखडा करतो, राज्य सगळे जिल्हे एकत्र करून प्रस्ताव दिल्लीला पाठवतं. तिथे राष्ट्रीय समन्वय समिती ओळ न् ओळ तपासते आणि मंजूर बाबींचं इतिवृत्त निघतं. या दस्तऐवजात जे नाही त्यावर अभियानाचा रुपया खर्च होत नाही. आता हे आराखडे दोन-दोन वर्षांचे होतात. म्हणून ‘आमच्या उपकेंद्राला एक परिचारिका वाढवून द्या’ ही मागणी आराखडा बनत असताना तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे गेली तर तिला अर्थ आहे. मंजुरीनंतर मंत्र्याकडे गेली तर तिला पुढच्या फेरीपर्यंत थांबावं लागतं.

मंजूर झाला म्हणजे पैसा आला असं नाही. २०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार केंद्र वर्षाच्या रकमेतला एका वेळी पाव हिस्साच सोडतं. पुढचा पाव मिळायला राज्याने आपला वाटा जमा केलेला हवा आणि आधीच्या पैशातले किमान पंचाहत्तर टक्के खर्च झालेले हवेत. या नियमांत पैसा आधी राज्याच्या तिजोरीत येतो, तिथून अभियानाच्या एकाच खात्यात आणि मग जिल्ह्याला. यातला कुठलाही टप्पा लांबला की कंत्राटी परिचारिकेचा पगार आणि आशाताईचा मोबदला लांबतो. दिल्ली म्हणते आम्ही सोडला, मुंबई म्हणते आला नाही, आणि बऱ्याचदा दोघंही खरं बोलत असतात, कारण पैसा मधल्या टप्प्यावर असतो.

अटी रंग-नावाच्याही असतात. उपकेंद्रांवर केंद्राने ठरवलेलं नाव आणि रूप हवं, यावरून पंजाब आणि पश्चिम बंगालचा अभियानाचा निधी अडल्याचे वाद झाले. पाटीवरून औषधाचा पैसा अडावा हे कुठल्याच बाजूला शोभत नाही.

लोकसंख्येचे निकषही दिल्लीतच ठरतात. मैदानी भागात उपकेंद्राला ५,०००, प्राथमिक आरोग्य केंद्राला ३०,००० लोकवस्ती. आदिवासी व डोंगरी भागात ३,००० आणि २०,०००. अक्कलकुवा-धडगावला दुसरा निकष लागतो, रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातल्या सपाट गावांना पहिला. अडचण अशी की निकष माणसं मोजतो, घाट मोजत नाही. नर्मदेच्या बुडितातल्या गावांना तरंगता दवाखाना लागतो, तो या गणितातून आपोआप निघत नाही, वेगळा मागून घ्यावा लागतो.

सिकलसेल: एका गोळीमागचे हात

नंदुरबारमधल्या भिल्ल, पावरा वस्त्यांत सिकलसेल, म्हणजे आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार, हा रोजचा विषय आहे. १ जुलै २०२३ ला केंद्राने सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केलं. लक्ष्य असं की चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उरू द्यायचा नाही. इथे दिल्लीचं काम आहे तपासणीची पद्धत ठरवणं, नोंदीचं पोर्टल, निधी आणि मार्गदर्शक सूचना. बोटातून रक्त घेणारी माणसं राज्याची. पहिली विरघळण्याची चाचणी संशयित सांगते. पक्क्या निदानासाठी सहसा इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी यंत्र लागतं. इथेच घोळ होतो. पहिली चाचणी होते, दुसरी जिल्ह्याला पाठवावी लागते आणि निकाल येईपर्यंत कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत गेलेलं असतं. कार्ड हाती आलंच तरी लोकांना वाहक आणि रुग्ण यातला फरक सांगितलेला नसतो. वाहक हा आजारी नसतो. मात्र आई आणि बाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के आणि वाहक असण्याची ५० टक्के. रुग्णाला हायड्रॉक्सियुरियाची गोळी नियमित लागते. ती गोळी तालुक्याला शिल्लक आहे का, हा प्रश्न राज्याच्या औषधखरेदीचा. पण परराज्यात गेलेल्या रुग्णाची नोंद तिथे उघडते का, हा प्रश्न नक्की दिल्लीचा.

क्षयरोगात हा दुसरा भाग बराच सुटला आहे. रुग्णाच्या सरकारी नोंदणीचा निक्षय क्रमांक देशभर एकच असल्याने नंदुरबारचा रुग्ण सुरतेत उपचार पुढे चालू ठेवू शकतो. पोषणासाठी एप्रिल २०१८ पासून महिना ५०० रुपये थेट खात्यात मिळत, ते नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. अडतात ते बहुधा आधार जोडलेलं नसलेल्या खात्यामुळे किंवा आधारवर आणि पासबुकात नावाचं स्पेलिंग वेगळं असल्यामुळे. यासाठी मंत्री नको, बँक आणि तालुक्याचा क्षयरोग पर्यवेक्षक पुरे.

लसींची खरेदी ही केंद्राची सर्वांत थेट, रोज दिसणारी सेवा. बालकांच्या नियमित लसी केंद्र विकत घेतं. त्या नाशिक विभागाच्या साठ्यातून जिल्ह्याला आणि तिथून आरोग्य केंद्राच्या फ्रीजमध्ये येतात. बहुतेक लसींना वाटेवर तापमान २ ते ८ अंश लागतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असतात तेव्हा ही साखळी टिकवणं म्हणजे खरी कसोटी. गंमत म्हणजे लस उन्हाने बिघडते तशा काही लसी गोठूनही बिघडतात. म्हणून बर्फाच्या पिशव्या डब्यात लगेच भरत नाहीत, हलवल्यावर आत पाणी खळखळेपर्यंत बाहेर ठेवतात. कुपीवरच्या, लागलेली उष्णता दाखवणाऱ्या खुणेतला आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला की ती कुपी बाद.

मग आते कोठे जावानं?

आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेचं: तिथल्या गैरहजेरीची तक्रार जिल्हा आरोग्य अधिकारी आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं ‘सिव्हिल’, जसं जळगावचं, हे राज्याच्या वैद्यकीय शिक्षण खात्याचं, आणि तिथे अधिष्ठाता. खात्यांची ही फारकत लोकांना माहीत नसते, म्हणून जळगावच्या वॉर्डाची तक्रार शल्यचिकित्सकांकडे जाते आणि परत येते.

काही गोष्टी आरोग्याच्या वाटतात आणि दिल्लीतही त्या आरोग्यमंत्र्याकडे नसतात. अंगणवाडी, पोषण आहार आणि मातृवंदनेचे पैसे महिला व बालविकासाकडे. कामगार विमा रुग्णालयं श्रम मंत्रालयाकडे. औषधाचा दर्जा आरोग्य मंत्रालयाचं खातं बघतं, पण औषधाची कमाल किंमत आणि जनऔषधी दुकानं रसायन व खत मंत्रालयाकडे. गेल्या काही वर्षांत ही दोन्ही मंत्रालयं एकाच मंत्र्याकडे आली, त्यामुळे चेहरा एक आणि कचेऱ्या दोन.

मोफत उपचारात केंद्र आणि राज्य मिसळलेले आहेत. महाराष्ट्राची राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये पहिल्या आठ जिल्ह्यांत आली, त्यात धुळे होतं. २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचं नाव मिळालं. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली: कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. आता दोन्ही एकत्र चालतात. रुग्णालयात गेल्या गेल्या आरोग्यमित्राला, म्हणजे तिथे बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाला गाठा, उपचाराआधी मंजुरी घ्यायला लावा, आणि नकार आला तर तो लेखी मागा. तोंडी नकारावर पुढे काहीच करता येत नाही. केंद्राचा मदत क्रमांक १४५५५.

दिल्लीलाच लिहायचं असेल तर विषय दिल्लीचा निवडा: लसीचा तुटवडा, पोर्टलचा बिघाड, अभियानाच्या निकषातली त्रुटी. केंद्राच्या तक्रार पोर्टलवर निवारणाची मुदत २१ दिवस आहे. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा, उत्तर ३० दिवसांत. चुकीच्या कार्यालयात गेला तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. आपल्या जिल्ह्याच्या आराखड्यात काय मागितलं होतं आणि किती मंजूर झालं, याची प्रत मागा. खासदाराला लिहिताना ‘दवाखाना सुधारा’ लिहू नका. ‘या जिल्ह्याला अमुक पदासाठी किती निधी मंजूर झाला, किती सोडला, कोणत्या तारखेला’ असा प्रश्न लिहून द्या. त्याला ‘राज्याचा विषय’ म्हणून टाळणं अवघड जातं, कारण सोडलेल्या पैशाचा हिशेब मंत्रालयालाच द्यावा लागतो.